राउटरवरचे तीन पी

परवा आमच्या ऑफिसचं नेट बसलं. लाइनमन आला, राउटरचं पान उघडलं, 'पीपीपीओई' लिहिलं होतं तिथं युजरनेम-पासवर्ड परत टाकला आणि निघाला. विचारलं, हे तीन पी कसले? म्हणाला, "ते असतंच, साहेब." असतंच म्हटलं की माझ्या डोक्यात किडा वळवळतो.

तर मंडळी, गोष्ट ऐंशीच्या दशकातली. इंटरनेटचे नियम तयार होते. पण फोनच्या तारेवरून बाइट एकामागून एक येणार, त्यात एक पाकीट कुठं संपलं नि दुसरं कुठं सुरू झालं, हे कळायचं कसं? १९८४ मध्ये रिक ॲडम्स यांनी युनिक्ससाठी 'स्लिप' लिहिलं. युक्ती अगदी घरगुती: पाकीट संपलं की १९२ क्रमांकाचा बाइट. मजकुरातच १९२ आला तर? त्याच्या जागी २१९ आणि २२० ही जोडी. झालं. चूक पकडायची सोय नाही, समोरच्याचा पत्ता विचारायची सोय नाही. १९८८ मध्ये जॉन रोमकी यांनी हे कागदावर मांडलं, तेव्हा शीर्षकातच सांगून टाकलं की हे प्रमाण वगैरे नाही. इतका प्रामाणिकपणा आपल्या जीआरमध्ये दिसला तर कळवा!

वेगही बघा. २४०० च्या मोडेमवर सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं. दूरच्या मशीनवर एक अक्षर टाइप केलं की त्याच्यावर ४० बाइटचं वेष्टन, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा त्यातच गेला. व्हॅन जेकबसन यांनी १९९० मध्ये दाखवलं, की वेष्टन दर वेळी जवळपास तेच असतं, फक्त बदललेलं पाठवा. चाळीसचे बहुतेक वेळा तीन-चारच उरले. मला तर या सगळ्यात हेच डोकं सर्वात भारी वाटतं.

मग आलं पीपीपी. १९९४ मध्ये ते पक्कं झालं. नाव-पासवर्ड तपासणं, पत्ता देणं, बिघडलेलं पाकीट ओळखणं, सगळं त्यात.

आपल्याकडं १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी इंटरनेट उघडलं. खाती दोन प्रकारची. स्वस्त खात्यात नुसती अक्षरं, कारण तुमचा कॉम्प्युटर नेटवर नसायचाच, त्यांच्या मशीनचा नुसता पडदा व्हायचा. चित्रं हवीत तर महागडं खातं. तार तीच, मोडेम तोच! त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात डॅनी गॅस्पारोव्स्की यांनी 'स्लर्प' लिहिलं. ते स्वस्त खात्यात चालवलं की खातं स्लिप-पीपीपी बोलायला लागायचं. काही कंपन्यांनी असल्या प्रोग्रॅमवर बंदी घातली. कुणी याला चोरी म्हणेल. मी नाही म्हणणार. पैसे तारेचे घेता की परवानगीचे, हा प्रश्न गिऱ्हाइकानं विचारायलाच हवा, आजच्या फायबरच्या प्लॅनलाही.

डिप्लोमा करत होतो तेव्हा आमच्या गावातून नेटसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीडी लावावा लागे. मोडेमची ती किरकिर, मग बातमी अर्धी गेली की लाइन कट, आणि मीटर मात्र पळतंय. दुकानदार पैसे पूर्णच घ्यायचा.

ते तीन पी अजून राउटरवर बसलेत. १९९९ मध्ये त्यांना इथरनेटवर चढवलं, म्हणून शेवटचे ओ आणि ई. लाइनमनचा नंबर सेव्ह केलाय, ही पोस्ट त्यालाही पाठवतोय.