खेळाचे कुंपण

आजकाल लातूर-नांदेडकडे पालक भेटले की एकच गाऱ्हाणे ऐकू येते : "सर, पोरगं मोबाईलवरचा गेम सोडीतच नाही हो!" गाऱ्हाणे खोटे नाही. पण पोराला बोल लावण्याआधी खेळाचा इतिहास जरा उलगडून पाहावा, असे मला वाटते.

खेळाचे वेड आपल्या मुलखाला नवे नाही. लातूरशेजारच्या बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभाराबरोबर बुद्धिबळ आणि फाशांच्या खेळांचेही वर्णन आहे. पुढे गावोगाव सारीपाट रंगला. पण पेरणी आली की पट गुंडाळला जाई, दिव्यातले तेल सरले की डाव मोडे. खेळाला असे बाहेरचे कुंपण होते.

पडद्यावरचा खेळ आला तो परदेशातून. 'पाँग' हा टेनिससारखा खेळ १९७२ साली अमेरिकेत निघाला. माझ्या पिढीला हे यंत्र पाहावयास मिळाले ते नव्वदच्या दशकात. रुपया टाकावा, तीनदा मरावे, की खेळ आटोपला! कुणाच्या घरी कॅसेटचा गेम आला, तर तो टीव्हीला जोडावा लागे. वडील बातम्यांना बसले की आमचे राज्य संपे. पुढे भारनियमनाने तर भल्याभल्यांना अंगणात आणून बसविले. तेव्हा आम्ही चिडत होतो. पण कुंपण तेही होतेच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०१८ मध्ये मोबाईलवर पबजी आला. आता रुपया टाकावयाचा नाही, टीव्ही मागावयाचा नाही, वीज गेली तरी बॅटरी आहे. सगळी कुंपणे एकदम मोडली. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी घातली, तर पोरे दुसऱ्या खेळाकडे वळली. २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती आली. पैसे लावून खेळण्याची गोष्ट वेगळी. तो जुगारच. त्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, हे योग्यच झाले.

पण साध्या खेळाचे काय? नीटच्या तयारीसाठी लातुरात खोली करून राहिलेल्या मुखेडकडच्या एका मुलाला मी विचारले, "बाबा, रात्री बारापर्यंत काय खेळतोस?" तो म्हणाला, "सर, गेमचं काही नाही. गावाकडची पोरं तिथंच भेटतात." मी गप्प झालो. आमचा पारावरचा कट्टा त्याला मोबाईलमध्ये सापडला होता! फोन हिसकावला, तर त्याचे सोबतीही हिसकावले जातात.

जागतिक आरोग्य संघटनाही खेळणाऱ्या प्रत्येकाला आजारी म्हणत नाही. खेळावरचा ताबा सुटला, बाकीची कामे मागे पडली, नुकसान दिसत असूनही खेळ थांबेना, आणि हे साधारण वर्षभर चालले, तर तो आजार.

म्हणून गुरुजनांना आणि पालकांना माझी विनंती आहे. मोडलेले कुंपण आता आपणच घालावे, पण पोराला जवळ बसवून, त्याच्या संमतीने. जेवणानंतर ठरलेले डाव खेळावेत, निजताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि महिन्यातून एखादा रविवार त्याला गावी येऊ द्यावे. सोबती पारावर भेटले, तर रात्रीचे जागरण आपोआप कमी होईल.