चित्पूर रोडच्या आरोळ्या

उत्तर कलकत्त्यातला चित्पूर रोड म्हणजे आजची रवींद्र सरणी. इंग्रज येण्यापूर्वी कालीघाटला जाणारे यात्रेकरू याच वाटेने जात, असे मानले जाते. या रस्त्यावरच्या हवेल्या, देवळे, मशिदी यांची माहिती पुस्तकांत मिळते. रस्ता ऐकू कसा येत होता, याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. सुदैवाने इथल्या दोन रहिवाशांचे कान तीक्ष्ण होते.

पहिले जोडासाँकोचे कालीप्रसन्न सिंह. त्यांनी १८६२ च्या सुमारास ‘हुतोम प्याँचार नक्शा’ हे पुस्तक लिहिले. हुतोम प्याँचा म्हणजे घुबड. लेखकाने हे टोपणनाव घेतले होते. पुस्तकाची सुरुवातच चरकाच्या सणात शहरभर घुमणाऱ्या ढाकांच्या आवाजाने होते.

दुसरे त्याच मोहल्ल्यातले रवींद्रनाथ. लहानपणी नोकरांच्या धाकाने त्यांना घरातच बसावे लागे. भर दुपारी शेजारच्या गल्लीतून बांगड्या-खेळणी विकणारा सुरात ओरडत जाई, ही आठवण त्यांनी ‘जीवनस्मृति’त (१९१२) लिहून ठेवली आहे. ‘डाकघर’ नाटकातला आजारी अमल दहीवाल्याकडे दही मागत नाही; ती आरोळी शिकव म्हणतो! खिडकीशी बसून बालपण काढलेल्या माणसालाच हे सुचावे.

आरोळीला सूर का, याचे कारण अगदी व्यवहारी आहे. गिऱ्हाईक माडीवर, आतल्या खोलीत. तिथपर्यंत शब्द पोचत नाहीत, चाल पोचते. चालीवरून गृहिणी ओळखते की दहीवाला आला की बांगडीवाला. पाट्याला टाकी लावणारा आपल्याकडे येई तसा इथेही येई, ‘शिल काटाओ’ म्हणत. थंडीच्या तोंडावर पिंजारी यायचा. त्याला ओरडावेही लागत नसे, धनुकलीची तार छेडली की पुरे. घरोघरी मिक्सर आले, तयार गाद्या आल्या आणि हे आवाज विरळ झाले. आवाजाबरोबर कुणाची तरी चूलही थंडावली, हे आपल्या लक्षात येत नाही.

वाहनांनाही आपापला आवाज होता. कलकत्त्यात घोड्यांची ट्राम प्रथम १८७३ साली धावली, विजेची १९०२ साली. चालक पायाने घंटा दाबी. हातरिक्षावाला बोटात अडकवलेला घुंगूर लाकडी दांड्यावर आपटत जातो. हातरिक्षा बंद करण्याचे विधेयक २००६ मध्ये विधानसभेत मंजूर झाले, तरी जुन्या भागात हा ठुणठुणाट अजून कानी पडतो. चित्पूर रोडवरून ट्राम मात्र आता जात नाही.

आज या रस्त्यावर हॉर्नपुढे माणसाचा गळा टिकत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, ते हवेच होते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हे आपल्या मंडळालाही पाळावे लागते, आणि कार्यकर्त्यांनी कितीही कुरकुर केली तरी ते योग्यच आहे. पण डेसिबल मोजणाऱ्या यंत्राला हॉर्न आणि आरोळी यांतला फरक कळत नाही. फेरीवाल्यानेही आता उपाय शोधला आहे. आरोळी एकदा ध्वनिमुद्रित करायची आणि हातगाडीवरच्या छोट्या कर्ण्यातून दिवसभर वाजवायची. गळा वाचतो. गिऱ्हाइकाने माडीवरून भाव विचारला तरी आरोळी थांबत नाही. आधी बटण बंद करावे लागते.