शब्द कुणाचा, काम कुणाचं?



शहापूर, वाडा, मुरबाड या भागातल्या कितीतरी घरांतली मुलंमुली आता भिवंडीच्या गोदामांत कामाला जातात. धामणकर नाक्यावर सकाळी पाहावं तर कुणी यंत्रमागाच्या पाळीवरून परतत असतं, कुणी गोदामाच्या गाडीची वाट पाहत असतं. अशी नोकरी लागली की घरात पगाराच्या आधी शब्द येतात. गोदाम म्हणायचं नाही, ‘फुलफिलमेंट सेंटर’. माल उचलणारा, बांधणारा तो ‘असोसिएट’. ठेकेदार म्हणायचं नाही, ‘थर्ड पार्टी’. आई साधं विचारते, “अरे, पण तुझा पगार देणार कोण?” त्याचं उत्तर या तिन्ही शब्दांत सापडत नाही.

असे शब्द ऐकले की वैताग येतो. मग आपणच स्वतःची समजूत घालतो, की ही शिकलेल्यांची भाषा, आपल्याला कुठून कळणार! आज मला एवढंच सांगायचं आहे की हा वैताग अडाणीपणाचा नाही. आपल्या मुलुखात कष्टकऱ्यांना तो शंभर वर्षांपासून येतो आहे, आणि त्यामागं चांगलं कारण आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. राग परक्या शब्दांचा नाही. ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला. ‘मजूर’ आणि ‘कारखाना’ फारसीतून आले, ‘मुकादम’ आणि ‘जकात’ मूळचे अरबी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, तेव्हा कचेऱ्यांतला कागद फारसी शब्दांनी भरलेला असे. पुढं राज्याभिषेक झाल्यावर महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत शब्द दिले. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सरनोबताला सेनापती. तरीही अर्ज, जमीन, दाखला, वसूल, हजर हे शब्द आजही आपल्या तोंडात आहेत. का राहिले? कारण ते ऐकल्याबरोबर कळतं की कुणी काय द्यायचं आणि कुणी काय घ्यायचं. ‘वसूल’ म्हटलं की देणारा आणि घेणारा दोघं डोळ्यांपुढं उभे राहतात. म्हणजे शब्द परका आहे की आपला, हा प्रश्न दुय्यम आहे. शब्दात माणूस दिसतो की लपतो, हे पाहायचं.

आता मुंबईच्या कापड गिरण्यांकडं वळू. भिवंडीची आजची गोष्ट तिथूनच सुरू होते. गिरणगावात कामगारांनी स्वतःची भाषा घडवली होती. पाळी, भोंगा, खाडा, हजेरी, बदली. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राहणारा माणूस. कुणाचा खाडा पडला तर त्याला त्या दिवसाचं काम मिळे, नाही तर तो रिकाम्या हातानं घरी. त्याची सगळी अवस्था त्या एका शब्दात होती. बायकांच्या खात्यावर देखरेख करणारी ती नायकीण. तिला खूश ठेवलं नाही तर काम जाईल, हे प्रत्येकीला माहीत असे.

मग १९२०च्या दशकात मालकांच्या कचेरीतून वेगळे शब्द आले. ‘एफिशियन्सी’ म्हणजे कार्यक्षमता, ‘स्टँडर्डायझेशन’ म्हणजे प्रमाणीकरण. ऐकायला किती चांगले! कार्यक्षमतेला कोण नाही म्हणेल? पण मागावर त्याचा अर्थ असा होता: जो विणकर दोन माग सांभाळतो, त्यानं आता तीन सांभाळायचे. सूत कातणाऱ्यानं साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहायच्या. म्हणजे तिघांचं काम दोघांत होणार. तिसऱ्याचं काय, हे ‘कार्यक्षमता’ या शब्दात कुठं नव्हतं. कामगारांनी शब्द बाजूला ठेवला आणि माग मोजले. एप्रिल १९२८ मध्ये मुंबईतले सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर गेले. सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. ऑक्टोबरात चौकशी समिती नेमली गेली, तेव्हा कामगार परत कामावर गेले.

बायकांच्या वाट्याला आला तो शब्द ‘रॅशनलायझेशन’. मराठीत त्याला सुसूत्रीकरण म्हणतात. त्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यांत तर बायकाच बायका. पुढं नवी यंत्रं आली, पाळ्या वाढल्या आणि रात्रपाळीला बायकांना कायद्यानं मनाई होती. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्याचा खर्च मालकावर होता, म्हणून काहींना बाई कामावर ठेवणंच महाग वाटू लागलं. हळूहळू बायका कमी होत गेल्या. १९७०च्या दशकात फार थोड्याच उरल्या. ‘बायकांना काढलं’ असं कागदावर लिहायची वेळ क्वचितच आली, कारण सुसूत्रीकरण हा शब्द हाताशी होता. १९५०च्या दशकात तर सरकारी चर्चांत ‘अश्रूंविना रॅशनलायझेशन’ असं म्हणू लागले. म्हणजे या शब्दामागं डोळ्यांत पाणी येतं, हे बोलणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गिरण्या थंड होत्या, पण बाजारात कापड येत राहिलं. त्यातलं बरंच भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं. आज याला ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात. साध्या मराठीत, काम बाहेर देणं. पुढं गिरण्या बंद पडत गेल्या आणि उरलेल्या कामगारांपुढं ‘व्हीआरएस’चा कागद आला, स्वेच्छानिवृत्ती. गिरणीच बंद होत असताना त्यात कामगाराची स्वेच्छा किती होती, हे गिरणगावातल्या बायकांना विचारावं. भिवंडीत मात्र मागाचा मालकही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सुतावर मजुरी करत होता, त्याला ‘जॉब वर्क’ म्हणत. मागावरच्या माणसाला मीटरवर पैसे. कांड्या भरायचं काम बऱ्याचदा बायकांकडं, तेही नगावर. माग थांबला की मजुरी थांबली.

मग गोदामं आली. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापारी माल हद्दीबाहेर भिवंडीच्या बाजूला ठेवत आणि लागेल तसा आत नेत. महामार्ग जवळ, बंदर फार लांब नाही, मुंबईपेक्षा जागा स्वस्त. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं आणखी वाढली. भाताची शेतं होती तिथं पत्र्याच्या लांबच लांब शेड उभ्या राहिल्या. आता त्याला ‘लॉजिस्टिक्स हब’ म्हणतात. शब्द बदलला, पण ज्याला काम असेल त्या दिवशीच बोलावतात, तो मुलगा म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा बदली कामगारच आहे. फरक इतकाच, की ‘बदली’ म्हटल्यावर त्याला आपली परिस्थिती कळत होती. ‘असोसिएट’ म्हणजे सोबती, भागीदार. कामात भागीदार खरा, पण नफ्यात भागीदार आहे का?

या शब्दांच्या मागं काय राहतं ते नीट ऐका, कारण इथं तुमच्या घरचे पैसे आहेत. ठेकेदाराला ‘थर्ड पार्टी’ म्हटलं की वाटतं, त्यानं पगार बुडवला तर कंपनीचा काही संबंध नाही. कायदा तसं म्हणत नाही. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलं होतं की ठेकेदारानं मजुरी दिली नाही, तर ज्याच्या कामासाठी माणसं आणली त्या मूळ मालकानं ती द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. २०२०च्या नव्या कामगार संहितेतही ही जबाबदारी ठेवली आहे. म्हणून मुलाला विचारा, ठेकेदाराचं नाव काय, आणि तू काम करतोस ते गोदाम कुणाचं? दोन्ही नावं घरच्या वहीत लिहून ठेवा. हजेरी आणि जमा झालेले पैसेही लिहा.

आपल्या गटांच्या बैठकीतही असे शब्द येतात: लिंकेज, ग्रेडिंग, कपॅसिटी बिल्डिंग. त्यांना घाबरायचं कारण नाही. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांकडं बँकेला दाखवायला काही तारण नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकारानं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बायकांनी गट केले, एकमेकींची हमी घेतली आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवलं. ‘तारण’ या शब्दाचा खरा अर्थ काय? पैसे परत येतील याची खात्री. ती खात्री बायकांनी एकमेकींच्या जोरावर दिली. नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली ती १९९२ साली, पाचशे गटांपासून. तुमच्या आजच्या ‘लिंकेज’चं मूळ तेच.

तेव्हा पुढच्या बैठकीत कुणी साहेब भारी शब्द बोलले, तर मान डोलवू नका. विचारा: हे कोण करणार? कुणाला करावं लागणार? पैसे किती आणि कुणाच्या खिशातून? तीनही उत्तरं मिळाली तर शब्द कोणत्याही भाषेतला असो, तो वापरायला हरकत नाही. नाही मिळाली, तर सही दुसऱ्या दिवशी करा. १९२८ सालच्या विणकरांनी हेच केलं होतं. त्यांनी आधी माग मोजले.