साथीचा रोग आणि माणसाचे मन

साथीच्या रोगाचा अभ्यास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सूक्ष्मदर्शक यंत्र आणि पांढरा कोट घातलेला डॉक्टर उभा राहतो. ते योग्यच आहे. जंतू सापडल्यावाचून लस मिळत नाही. परंतु रोग माणसाबरोबर प्रवास करतो. माणूस आजाऱ्याच्या उशाशी बसतो, त्याला पाणी पाजतो, त्याचा इंतकाल झाला की मय्यतीला आंघोळ घालतो. म्हणून साथ समजून घ्यायची तर माणसाचे वागणे, त्याची श्रद्धा आणि त्याची भीती हीही समजून घेतली पाहिजेत. हे काम समाजशास्त्रज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ करतात.

या कामाची गरज किती आहे हे आपल्याच मुंबईच्या इतिहासावरून दिसते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. रोग्यांना इस्पितळात हलविणे, घरे तपासणे, सामान जाळणे असे उपाय सुरू झाले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी संतापलेल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला व सरकारच्या हाती मोठे अधिकार आले. ९ मार्च १८९८ रोजी मुस्लिम विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका आजारी मुलीला नेण्यास आले, तेव्हा दंगल उसळली. अधिकाऱ्यांना यात अज्ञान व हट्ट दिसला. परंतु परक्या पुरुषाने घरातील मुलीला तपासावे, इस्पितळात नेलेले माणूस पुन्हा दिसू नये, त्याचे अंत्यविधीही आपल्या हातून होऊ नयेत, या भीतीला काहीच अर्थ नव्हता काय? निरनिराळ्या समाजांना स्वतःची इस्पितळे चालविण्याची मुभा मिळाली, तेव्हा लोकांची धास्ती कमी झाली. हाफकिन यांची लस तरुण आगाखानांनी सर्वांसमक्ष टोचून घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायीही पुढे आले. जे सक्तीने साधले नाही, ते विश्वासाने साधले.

शंभर वर्षांनंतर हाच प्रश्न आफ्रिकेत उभा राहिला. २००० साली युगांडाच्या गुलू जिल्ह्यात इबोलाची साथ पसरली. ४२५ जणांना लागण झाली व २२४ जण दगावले. रुग्णवाहिका पाहून काही लोक पळून जात. तेथे जागतिक आरोग्य संघटनेने बॅरी ह्यूलेट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाला बोलाविले. त्यांनी गावकऱ्यांना प्रश्न विचारले. या रोगाला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे येतो असे तुम्हाला वाटते? आजाऱ्याची शुश्रूषा कोण करते? प्रेताला आंघोळ कोण घालते?

उत्तरे मोलाची निघाली. प्रेताला आंघोळ घालण्याचा मान मृताच्या आत्येचा असे. रोग घराघरांतील स्त्रियांपर्यंत कसा पोहोचला, हे यावरून उमगले. दुसरे उत्तर तर अधिकच महत्त्वाचे होते. तेथील अचोली लोक अशा साथीला ‘गेमो’ म्हणत व तिच्यासाठी वाडवडिलांनी नियम घालून दिले होते. आजाऱ्याला इतर घरांपासून दूर ठेवावे. दाराच्या दोन्ही बाजूंना गवताचे उंच दांडे रोवून खूण करावी. या रोगातून जो बरा झाला आहे त्यानेच आजाऱ्याला खाऊ घालावे. गावोगाव फिरू नये. बरे झाल्यावरही एक चांद्रमास वेगळे राहावे. विलगीकरणाचे शास्त्र याहून वेगळे काय सांगते? ज्यांना अडाणी समजले जात होते, त्यांच्याजवळ पिढ्यानपिढ्यांचा अनुभव होता. त्यांना विचारावयाचे तेवढे राहून गेले होते.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत गिनी, सिएरा लिओन व लायबेरिया या देशांत याच रोगाने थैमान घातले. साथ संपेपर्यंत २८,००० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ११,००० हून अधिक मरण पावले. गिनी व सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. इबोलाने मेलेल्या माणसाच्या शरीरात विषाणू मोठ्या प्रमाणावर असतो. त्यामुळे मय्यतीला गुस्ल देणे हेच जिवावर बेतत होते. सुरुवातीला अनोळखी पथके येत, प्रेत पिशवीत घालीत आणि नमाजाविना पुरून टाकीत. परिणामी लोक आजारी लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतील वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या आठ जणांची हत्या झाली.

अखेर मानववंशशास्त्रज्ञ आणि मुस्लिम व ख्रिस्ती संस्था यांच्याशी विचारविनिमय करून ७ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘सुरक्षित व सन्मानपूर्वक दफना’चे नवे नियम जाहीर झाले. घरच्यांना व धर्मगुरूंना विधीत स्थान मिळाले. गुस्लऐवजी प्रशिक्षित पथकाने तयम्मुम करावे, कफन द्यावे, नातलगांनी अंतर राखून दुआ व नमाज पढावी, असा मार्ग निघाला. विषाणूला वाट मिळाली नाही आणि मय्यतीची इज्जतही राहिली. डॉक्टरला हवे होते तेही झाले आणि आईबापांना हवे होते तेही झाले.

हा धडा दूरच्या देशापुरता नाही. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मेलेल्या सर्वांचे दहनच करावे असा आदेश काढला व त्याच दिवशी तो बदलला. काळजी घेऊन दफन केल्यास धोका नाही, हे शास्त्राला मान्य होते. पुढे मे महिन्यात उच्च न्यायालयानेही दफनास विरोध करणारे अर्ज फेटाळले. आधी विचारपूस झाली असती तर ज्यांच्या घरात दुःख होते त्यांना ही धास्ती सोसावी लागली नसती.

आपल्या समाजातील पालकांना मुलाने डॉक्टर व्हावे असे वाटते. ती इच्छा चांगलीच आहे. परंतु समाजशास्त्र म्हणजे कमी गुण मिळालेल्यांचा विषय, हा समज आता सोडावयास हवा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजशास्त्राबरोबर सार्वजनिक आरोग्याचेही शिक्षण मिळते. आपल्या मुलामुलींनी त्या वाटेनेही जावे. वस्तीची भाषा जाणणारा, दार उघडणाऱ्या आजीशी अदबीने बोलणारा आणि तिचे म्हणणे जसेच्या तसे टिपून डॉक्टरांपर्यंत पोहोचविणारा अभ्यासक पुढच्या साथीत लागणार आहे. तो आपल्याच घरातून निघाला, तर लोक दार लवकर उघडतील.