'ये' आणि 'येजो': हुकमातला 'आत्ता' आणि 'नंतर'

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात दिघोरी आहे. हा सगळा धानाचा पट्टा. तिथल्या बांधीत रोवणी चालू आहे असं समजा. एक बाई दुसरीला हाक मारते, "ये वो इकडे." संध्याकाळी घरी जाताना तीच म्हणते, "उद्या सकारी येजो वो." पहिली आज्ञा आत्ताची, दुसरी उद्याची. क्रियापद तेच, रूप मात्र वेगळं.

आता हे प्रमाण मराठीत सांगून बघा. "इकडे ये." "उद्या ये." दोन्हीकडे 'ये'च. फार तर "उद्या येशील" म्हणाल, पण ते भविष्यकाळाकडून उसनं आणलेलं रूप. नागपूर-भंडाऱ्याकडच्या बोलीत या कामासाठी स्वतंत्र प्रत्यय आहे, आणि नियमही अगदी सोपा: धातूला 'जो' लावा. कर-करजो, बस-बसजो, सांग-सांगजो.

हा 'जो' आला कुठून? प्राकृतात विध्यर्थाला 'एज्ज', 'इज्ज' असे प्रत्यय लागत. 'जो'चा धागा अभ्यासक तिथपर्यंत नेतात. त्याची भावंडं तुमच्या ओळखीची आहेत. गुजराती माणूस निरोप देताना 'आवजो' म्हणतो, म्हणजे 'पुन्हा या'. जुन्या हिंदीत 'दीजो', 'कीजो' सापडतात. म्हणजे 'येजो' हा कुणा अडाण्याने केलेला 'ये'चा बिघाड नव्हे. त्याची स्वतःची वंशावळ आहे.

थोडं लांब जाऊन पाहू. लॅटिनमध्येही आज्ञार्थाची अशी जोडी होती. 'कान्ता' म्हणजे गा, आत्ता. 'कान्तातो' म्हणजे पुढे, वेळ येईल तेव्हा गा. इ.स.पू. ४५०च्या सुमाराचे रोमचे 'बारा पाट्यां'चे कायदे या 'तो'वाल्या रूपांनी भरलेले आहेत. साहजिकच आहे, कायदा म्हणजे पुढे कधीतरी पाळायची आज्ञा. लॅटिनची लेक स्पॅनिश. तिच्यात 'कान्तार' (गाणे) या क्रियापदाचा शेवटचा 'र' काढला की 'कान्ता' ही आज्ञा तयार. 'कोमेर'चं (खाणे) 'कोमे'. लॅटिनमधली पहिली रीत टिकली, 'तो'ची मात्र बुडाली. आज स्पॅनिशमध्ये आत्ता गायचं असो की उद्या, आज्ञा एकच: 'कान्ता'.

आपल्याकडेही वैदिक संस्कृतात 'तात्' हा प्रत्यय होता, लॅटिनच्या 'तो'चा सख्खा भाऊ. पाणिनीच्या काळापर्यंत तो आशीर्वादापुरता उरला. आपला 'जो' त्याचा वंशज नाही. पण एकदा बुजलेला भेद या बोलीने दुसऱ्या सामानातून पुन्हा उभा केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग पुस्तकांत हे ठळकपणे का दिसत नाही? ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात नागपुरीची वेगळी नोंद आहे. पण या सर्वेक्षणाचा मुख्य नमुना म्हणजे बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट, जी प्रत्येक बोलीत उतरवून घेतली गेली. त्या गोष्टीतल्या आज्ञा आठवा: माझा वाटा दे, झगा आणा, अंगठी घाला, वासरू कापा. सगळ्या आत्ताच्या! 'नंतर कर' असं कुणी कुणाला सांगतच नाही. प्रश्नच असा निवडला की उत्तरात 'येजो'ला जागा फारशी उरली नाही.

बोलीचा अभ्यास करताना म्हणूनच नुसतं "हे तुमच्याकडे कसं म्हणतात?" विचारून भागत नाही. प्रसंग द्यावा लागतो, आणि वेळही.

तुम्ही शिक्षक असाल आणि एखाद्या पोराने वहीत 'येजो' लिहून आणलं, तर प्रमाण रूप जरूर शिकवा. पण लाल रेघ मारण्याआधी त्याला एकदा विचारा: आत्ता, की नंतर? त्याला उत्तर माहीत असतं.