द्राक्षं वाळवून केलेली कडक वाईन: इटलीची ‘अमारोने’ काय आहे आणि कशासोबत चालते?

द्राक्षं वाळवली की बेदाणा होतो, हे तासगाव, पंढरपूरकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पण अर्धवट वाळलेल्या द्राक्षांची वाईनही होते, आणि ती जगातल्या महागड्या वाईनमध्ये मोजली जाते. इटलीच्या उत्तरेला वेरोना शहराजवळ वाल्पोलिचेल्ला नावाचा डोंगराळ पट्टा आहे. तिथली ही लाल वाईन, नाव अमारोने.

तिथली मुख्य जात कोर्विना. साल जाड असल्याने ती वाळवायला सोयीची. सोबत कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला या जाती असतात. जुन्या बागा आपल्यासारख्याच मांडवावर आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हाताने तोडणी होते, आणि त्यातही घट्ट भरलेले घड घेत नाहीत. मण्यांमध्ये हवा खेळली पाहिजे, म्हणून सुटे घड निवडतात.

पुढचं काम धीराचं आहे. आपल्याकडे द्राक्षं डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर टाकली की दोन-तीन आठवड्यांत बेदाणा तयार. तिथे द्रावण नाही की ऊन नाही. हवेशीर माळ्यावर बांबूच्या ताट्यांवर किंवा क्रेटमध्ये एकच थर पसरतात आणि साधारण तीन ते चार महिने तसाच ठेवतात. या काळात वजन तीस ते चाळीस टक्क्यांनी घटतं. आपल्याकडे चार किलो द्राक्षाला किलोभर बेदाणा धरतात, तेवढं ते सुकवत नाहीत. रस राहायला हवा, फक्त साखर आणि चव दाट व्हायला हवी.

धोकाही इथेच आहे. शरद ऋतूत तिथे धुकं पडतं, हवा दमट झाली की बुरशी लागते आणि माळ्यावरचा माल खराब होऊ शकतो. म्हणून खिडक्या उघड-बंद करणं, पंखे लावणं, सडका मणी काढून टाकणं चालूच असतं. बेदाण्याच्या शेडवर ऐनवेळी अवकाळी आलेला ज्याने पाहिलाय, त्याला ही धास्ती कळेल.

जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षं चिरडून आंबवतात. थंडीमुळे आंबण्याची क्रिया संथ चालते. जवळजवळ सगळ्या साखरेची दारू होते, त्यामुळे अल्कोहोल किमान १४ टक्के, बहुतेक वेळा १५-१६ टक्के भरतं. नंतर किमान दोन वर्षं मुरवावी लागते, ‘रिझर्वा’ लिहायचं असेल तर चार. साखर शिल्लक ठेवली तर तीच ‘रेचोतो’ ही गोड वाईन होते, आणि मूळ जुनी वाईन तीच. सांगतात की १९३६ साली एका सहकारी वायनरीत रेचोतोचं एक पिंप विसरलं गेलं आणि त्यातली साखर संपून गेली. ‘आमारो’ म्हणजे कडू, त्यावरून हे नाव. २०१० पासून तिला इटलीचा सर्वात वरचा दर्जा, डीओसीजी, मिळालेला आहे.

चव सुक्या मनुका, चेरी, थोडा मसाला आणि शेवटी किंचित कडवटपणा अशी. एवढी जड वाईन हलक्या जेवणाला झाकून टाकते. वेरोनात ती मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेल्या मटण-बीफसोबत, शिकारीच्या मांसासोबत घेतात. हीच वाईन घालून तांदळाचा ‘रिसोत्तो’ही करतात. जुनं मुरलेलं चीज तर सगळ्यात जमतं. मासे, कोशिंबीर यांच्यासोबत नको.

आपल्या तांबड्या रश्श्याबरोबर? आमच्या मते नाही. जास्त अल्कोहोलमुळे मिरचीची आग आणखी भडकते आणि दोन्हीची चव जाते. मटण घ्यायचंच तर कमी तिखटाचं, भाजलेलं सुकं घ्यावं. बाटली फ्रीजमधून थेट नको, साधारण १८ अंशाला असावी आणि तासभर आधी उघडावी.

अकलूजजवळच्या फ्रटेली वायनरीने सांजोव्हेझे ही इटालियन जात लावली आहे, पण ती टस्कनीकडची. कोर्विना वेगळी.

महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं. १५ टक्के म्हणजे साध्या बियरच्या तिप्पट, त्यामुळे ग्लास लहान ठेवावा आणि गाडीची चावी दुसऱ्याकडे द्यावी.