कडू कवठाचं तेल

सुश्रुतानं कुष्ठावर सांगितलेला तुवरक पश्चिम समुद्राच्या काठी वाढतो, असा पत्ताच संहितेत दिलेला आहे. तो म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं कडू कवठ, असं बहुतेक जाणकार मानतात. जाड, टणक सालीचं गोल फळ फोडलं की गरात रुतलेल्या कोनदार बिया दिसतात. औषधी तेल या बियांचं.

युरोपीय वैद्यकाला असं तेल भेटलं ते मात्र कलकत्त्यात. 1854 साली डॉ. मूअट यांनी चालमोगरा तेलाचे महारोगावरचे अनुभव छापले. बिया बाजारातून येत. त्यांचं झाड नेमकं कोणतं याचीच बोंब. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या भलत्याच झाडाच्या, गायनोकार्डियाच्या, नावावर चढवल्या आणि ही चूक जवळपास अर्धं शतक खपली. पुढे डेव्हिड प्रेन यांनी खरं झाड ओळखलं. पाठोपाठ लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी तेलातली आम्लं वेगळी केली. गायनोकार्डियाच्या तेलात ती नव्हतीच! कडू कवठाच्या तेलात मात्र सापडली.

आम्लंही चमत्कारिक. एरवी तेलातल्या आम्लांत कार्बनची सरळ साखळी असते. इथे साखळीच्या टोकाला पाच कार्बनचं कडं. हिडनोकार्पिक आम्लात एकूण 16 कार्बन, चालमोग्रिकमध्ये 18.

रुग्णांना या रसायनाचं काय कौतुक! तेल प्यायलं की ओकारी येई. टोचलं तर ते इतकं दाट, की कातडीखाली गाठी होऊन राहत.

हा पेच हवाईत सुटला. ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञेनं आम्लांचे इथाइल एस्टर बनवले. ते पातळ असल्यानं टोचणं जमू लागलं. 31 डिसेंबर 1916 रोजी, अवघ्या 24 व्या वर्षी, ती वारली. तिचे वरिष्ठ आर्थर डीन यांनी काम पुढे नेलं, छापलं, आणि तिचं नाव गाळलं. 1922 साली डॉ. हॉलमन यांनी लेखात ‘बॉल पद्धत’ असा उल्लेख केला नसता, तर ही उचलेगिरी पचलीच असती.

तेलाचा गुण किती, यावर वाद राहिला. आजार नवा असेल तर बरेच रुग्ण सुधारत, पण पुष्कळांना तो उलटे. 1940 च्या दशकात सल्फोन औषधं आली, त्यांच्यातूनच डॅप्सोन रुळलं, आणि कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून हे तेल हद्दपार झालं.